सावरबोडीच्या धक्क्यावरचं दावं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक आदरणीय गुणवंतराव सर, व्यासपीठावर बसलेले आपले स्टेशन मास्तर देवरावभाऊ, रेल्वेतले माझे सोबती, मालधक्क्यावरचे हमालभाऊ, बाजारातले व्यापारी, कुरखेड्याकडून सकाळची बस धरून आलेले पोचू पाटील, त्यांच्यासोबत आलेल्या बुधरीबाई, आणि या एका पंख्याच्या हॉलात दाटीवाटीनं बसलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो. जय भीम, रामराम, जोहार. ज्याला जे चालतं ते त्यानं घ्यावं.

सरांनी माझ्याबद्दल फार चांगलं बोलून टाकलं. देवरावभाऊंनी त्यावर आणखी चढवलं. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. आता उत्तरादाखल दोन शब्द बोलायची पद्धत आहे. मी छत्तीस वर्षं मालबाबू होतो, त्यातली अठ्ठावीस याच सावरबोडी स्टेशनावर. मालबाबूला लिहायची सवय असते, बोलायची नसते. तेव्हा थोडं इकडेतिकडे जाईल. जाऊ द्या.

सर म्हणाले की, आता ढोरांची गाडी बंद झाली, नव्या मुलांना ती कशी होती ते सांगा. सांगतो. शेवटचा ढोरांचा डबा इथून सन शहाऐंशीच्या मार्चमध्ये गेला. त्यानंतर ट्रक आले. ट्रक थेट बाजारात येतो, त्याला ना धक्का लागतो ना मालबाबू. आज धक्क्यावर तुम्ही लोक तेंदूपत्त्याची पोती ठेवता आणि दुपारी पत्ते खेळता. पण ती जी दगडी उतरण आहे, ती पोत्यांसाठी केलेली नव्हती. ढोरांचे पाय घसरू नयेत म्हणून तिच्यात आडव्या खाचा आहेत. आता त्यात गवत उगवलं आहे.

माझ्याआधीचे म्हातारे मालबाबू सांगायचे की छोटी लाईन पडली तेव्हा लोक ढोरं घेऊन गाडी बघायला यायचे आणि ढोरं उधळायची. पुढे तीच ढोरं गाडीत बसायला लागली. लढाईच्या काळात पलटणीचं सामान ओढायला इथले बैल गेले म्हणतात. परत एकही आला नाही. नंतर शेतीच्या जोड्या जाऊ लागल्या. कुरखेड्याकडची ढोरं तीन-तीन दिवस पायी यायची, गुरुवारी बाजार, शुक्रवारी गाडी. डबा आधी धुवायचा, चुना मारायचा, खाली वाळू आणि वर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकायची. मग बिल्टी फाडायची. बिल्टी म्हणजे मालाची पावती, आणि रेल्वेला बैल काय, कोळसा काय, सगळा माल. प्रत्येक डब्यात ढोरांसोबत एक माणूस फुकट जायचा. त्याचं नाव बिल्टीवर लिहायचं.

एकदा आठ गाई पाठवल्या. दोन दिवसांनी पुढच्या जंक्शनवरून तार आली : आठ पाठवल्या, नऊ पोचल्या, नववीचं काय करायचं? वाटेत एक व्यायली होती! तिकडचा बाबू वासराला उतरू देईना, कारण त्याची बिल्टी नव्हती. आठ दिवस तारा चालल्या. वासरू तोवर तिकडच्या धक्क्यावर दूध पिऊन उड्या मारत होतं. शेवटी मी तार केली की नववी माझ्या अंगावर टाका. हसा, हसा. तेव्हा मीही हसलो होतो. मला हसू यायचं त्या काळात.

बहात्तरच्या दुष्काळात उलटी गाडी आली. तिकडची ढोरं आपल्या जंगलातल्या गवतावर जगवायला पाठवली होती. दार उघडलं की आधी वास यायचा. काही ढोरं उभी होती ती एकमेकांना टेकल्यामुळेच, दार उघडताच खाली बसली. धक्क्यावर सगळे नाकाला गमछा लावून उभे राहिले. एक माणूस डब्यात चढला. त्यानं एकेका ढोराच्या तोंडात ओलं गवत मुठीनं घातलं आणि प्रत्येकाच्या कानाजवळ काहीतरी गोंडीत बोलला. ते काय होतं ते मला कधी कळलं नाही. संध्याकाळपर्यंत त्या डब्यातल्या चौदातली अकरा उठून उतरणीवरून चालत खाली आली.

त्या माणसाचं नाव इसरू मडावी. पोचूभाऊंच्या गावचा. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे. बाकीचं तुम्ही मला सांगायला लावलं म्हणून बोललो.

इसरू ढोरांसोबत जाणारा माणूस होता. व्यापारी कोणीही असो, ढोरं नीट पोचायला हवी असतील तर लोक इसरूला शोधत यायचे. दुसरे लोक शेपट्या पिरगाळून, काठ्या मारून ढोरं डब्यात कोंबायचे. इसरू एकटा आधी आत जायचा, तणशीवर बसायचा आणि बिडी काढायचा. दोन मिनिटांनी पहिला बैल फळीवर पाय ठेवायचा. मग बाकीचे. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, काठीपेक्षा लवकर व्हायचं.

त्याची एक सवय मात्र नियमात बसत नव्हती. नियम होता की डब्यात ढोर आखूड बांधायचं, मान वळता कामा नये. इसरू बांधायचा नाही. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे असं उभं करायचा आणि मध्ये आपण राहायचा. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "बाबू, मोकळं ढोर पडलं तं उठते. आखूड बांधलेलं पडलं तं फास बसते त्याले. तुमचा कायदा कोनं केला? त्यानं ढोर पाह्यलं होतं का?" बिल्टीवर मी लिहायचो, ढोरं बांधलेली आहेत. इसरू त्याच्या पद्धतीनं न्यायचा. वीस वर्षं हे असंच चाललं आणि वीस वर्षांत त्याच्या डब्यातलं एकही ढोर मेलं नाही.

आता सन ब्याऐंशी, मे महिना. त्या शुक्रवारी सहा बैल जायचे होते. चार व्यापाऱ्यानं बाजारात घेतलेले आणि दोन इसरूचे स्वतःचे. त्यानं घरची जोडी त्याच व्यापाऱ्याला विकली होती. का विकली हे मी विचारलं नाही. आपल्याच जोडीला पोचवायला तो चालला होता, म्हणून त्याची बायको बुधरीबाईही धक्क्यावर आल्या होत्या.

आपल्याकडे विकलेल्या ढोराचं दावं देत नाहीत. हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण नवीन आलेल्या मास्तर लोकांसाठी सांगतो. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. विकणारा जुनं दावं सोडून घरी नेतो आणि गोठ्यात टांगतो. दाव्यासोबत घरची बरकत जाते असं म्हणतात. माणूस ढोर देतो, दावं देत नाही. बुधरीबाईंनी जोडीची दावी धक्क्यावरच सोडली होती आणि गुंडाळून हातात धरली होती. धक्क्याजवळचं मोहाचं झाड आहे ना, त्याच्याखाली त्या उभ्या होत्या. व्यापाऱ्याच्या चार बैलांना नवी दावी होती. या दोघांसाठी आणायला तो विसरला होता.

एरवी काही अडलं नसतं. पण त्या दिवशी त्याच गाडीनं वरचे एक साहेब तपासणीला आले होते. डब्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, चारांच्या गळ्यात दावी आहेत, ही दोन मोकळी का? मी व्यापाऱ्याकडे पाहिलं, तो बाजारात पळाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. गार्ड झेंडी धरून उभा. अशा वेळी काय करायचं असतं? इसरू वीस वर्षं असाच नेतो आणि बरोबर नेतो, हे साहेबांना सांगायचं असतं. गाडी पाच मिनिटं थांबवायची असते. माझ्यासमोर हे दोन्ही रस्ते होते. मी झाडाखाली गेलो.

मी म्हटलं, "बाई, दावी द्या."

त्या म्हणाल्या, "नाई देत बाबू. इकलेल्या ढोराचं दावं हाये हे."

मी म्हटलं, "पुढच्या स्टेशनावर दुसरी मिळतील. ही परत येतील."

त्या म्हणाल्या, "सोडलेलं दावं त्याच ढोराले पुन्हा नाई बांधत. तुम्ही मले काऊन मांगून राह्यले? शेटले मांगा."

मी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला माणूस. दाव्यात बरकत असते हे मला तेव्हा पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. तेव्हा मला वाटलं की मी अडाणीपणाशी लढतो आहे. मी साहेबाला घाबरलो होतो, एवढंच ते होतं. मी म्हटलं, रेल्वेच्या कामात आडवं येऊ नका. आणि हात घालून दावी ओढली. त्यांनी घट्ट धरली होती. मी जोर लावला. सुंभाची दावी होती, त्यांचा तळवा सोलला. त्या हाताकडे पाहत राहिल्या.

इसरू डब्याच्या दारातून हे पाहत होता. बायकोला म्हणाला, "जाऊ दे बुधरी. मी वापस आनतो."

मग मी त्याला सांगितलं, आखूड बांध. साहेब बघत होते म्हणून आणखी एकदा म्हटलं, आणखी आखूड. त्यानं बांधलं. साहेब मान हलवून गार्डाच्या डब्याकडे गेले. गाडी सुटली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, दार उघडल्यावर जे दिसलं त्यावरून गार्डानं सांगितलेलं आहे. पुढच्या एका स्टेशनावर समोरच्या गाडीसाठी यांची गाडी बाजूला घातली आणि ती भर उन्हात चार तास उभी राहिली. मे महिन्यातला पत्र्याचा डबा. गाडी निघताना हिसका बसला आणि जोडीतला एक बैल घसरला. आखूड बांधलेला, त्यामुळे गळ्यानंच लटकला. इसरू त्याच्या मानेखाली गेला. गाठ आवळली होती, म्हणून त्यानं कमरेच्या विळ्यानं दावं कापलं. बैल मोकळा होऊन खाली बसला. पण जोडीतला दुसरा बिथरला. बांधलेल्या ढोराला मागं सरता येत नाही, नुसतं अंग फिरवता येतं. त्यानं अंग फिरवलं आणि इसरू डब्याच्या भिंतीत दाबला गेला. पुढच्या स्टेशनावर दार उघडलं तेव्हा तो उभाच होता. बैलाच्या अंगानं त्याला उभं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला पॅसेंजरनं परत आणलं. मी उतरवून घेतलं, गार्डाच्या कागदावर सही केली, तारीख घातली. त्या वेळी माझ्या मनात काय आलं असं कोणी विचारलं तर मला आठवतं ते एवढंच की पेनमधली शाई फिकी येत होती.

चौकशी झाली. मला दोन प्रश्न होते. ढोरं कोणी बांधली? मी लिहिलं, सोबतच्या माणसानं स्वतः बांधली. दावी कुठून आली? मी लिहिलं, सोबतच्या माणसाच्या पत्नीनं आपणहून दिली. साहेबांनी वाचलं, बरं झालं म्हणाले. तो कागद पोलिसांसोबत गावात गेला आणि गावासमोर वाचला गेला.

गुणवंतराव सर, तुम्ही मघाशी म्हणालात की निमगडे बाबू फार शांत स्वभावाचे, इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नाही. सर, ब्याऐंशीच्या आधी मी पुष्कळ ओरडायचो. हे हमालभाऊ साक्ष देतील. तुम्ही त्यानंतर आलात, म्हणून तुम्हाला शांत दिसलो. मला त्या दिवसापासून फारसं काही वाटतच नाही. मोठ्या मुलीचं लग्न झालं, सगळे रडले, मी मांडवाच्या दोऱ्या सोडत होतो. आज ही शाल खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या, मी आपला बसून होतो. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. चांगला गुण म्हणून तुम्ही जे सांगितलं ते गुणात मोजू नये, म्हणून सांगतो.

दोन वर्षांनी पोचूभाऊ धक्क्यावर आले होते, मोहफुलं पाठवायला. मी सहज विचारावं तसं विचारलं, बुधरीबाई कशा आहेत? पोचूभाऊ, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "हाये आपली. पन गावात तिच्या हातून आता कोनी गोठ्यातलं ढोर नाई सोडू देत. सोडलेलं दावं आपल्या हातानं देल्लं तिनं, अन् माणूस गेला. कागदातच लिहून होतं नं." पेरणीच्या आधी सगळ्या घरचं बी पूजेला एकत्र करतात, त्यात बुधरीबाईंचं बी वेगळं ठेवतात, हेही तुम्ही सांगितलंत. मी ऐकून घेतलं. आणि म्हटलं, पाटील, इथे सही करा.

पोचूभाऊ, आज तुम्हाला निरोप धाडून बोलावलं ते जेवायला नाही. जेवण आहे, जेवूनच जा, पण आधी हे ऐका. सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे उद्या मला फिरता येणार नाही. बुधरीबाईंनी दावं दिलं नाही. त्या दोनदा नाही म्हणाल्या. मी, श्रावण निमगडे, ते ओढून घेतलं. आणि इसरू दाव्यामुळे मेला नाही. नवं दावं असतं तरी मेला असता. आखूड बांधल्यामुळे मेला आणि आखूड बांध असं मी सांगितलं. त्याला ते चुकीचं आहे हे ठाऊक होतं, तरी त्यानं माझं ऐकलं. रेल्वेच्या कागदावर त्याचा हलगर्जीपणा लिहिलेला आहे. त्या माणसाला हलगर्जीपणा येत नव्हता. परवा मी हे सगळं लिहून साहेबांच्या ऑफिसात पाठवलं. एक प्रत तुमच्यासाठी आणली आहे. पोलिसांचा कागद जिथे वाचला, तिथेच हाही वाचा. ऑफिसवाले माझं काय करायचं ते करतील.

आमच्या घरच्या नीलाबाई समोर बसल्या आहेत, बुधरीबाईंच्या शेजारी. त्यांनाही मी आज सकाळीच सांगितलं. त्या चुलीपाशी होत्या. त्यांनी तवा खाली उतरवला. मग म्हणाल्या, "सात वर्सं माह्या हातचं जेवले, अन् हे पोटातच ठेवलं?" त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. इथे आल्यावर मात्र त्यांनी बुधरीबाईंसाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली, ते मी व्यासपीठावरून पाहिलं.

आता आटोपतो. गार्डानं इसरूसोबत एक पोतडीही पाठवली होती. विळा, बिड्यांचा कट्टा, एक धोतर आणि ती दोन दावी, एक सबंध, एक कापलेलं. पोतडी माझ्या सहीनं उतरली आणि त्याच दिवशी घरच्यांना द्यायला हवी होती. देताना त्यांच्या हाताकडे बघावं लागलं असतं, म्हणून दिली नाही. बेवारस मालाची यादी दर वर्षी वर पाठवावी लागते, म्हणजे त्याचा लिलाव होतो. त्या यादीत मी ही पोतडी कधी लिहिली नाही. ती कपाटात माझ्या जेवणाच्या डब्यामागे ठेवली. सात वर्षं मी रोज दुपारी डबा काढताना ती बाजूला सारत होतो. इसरू म्हणाला होता, वापस आणतो. त्यानं आणलीच होती. ती माझ्यापाशी अडकून पडली.

देवरावभाऊ, तुमच्या खुर्चीखाली ती पोतडी आहे, जरा इकडे द्या.

तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी हॉल मागितलात, वर्गणी काढलीत, भरल्या कामातून वेळ काढलात, त्याबद्दल मी आभारी आहे. अध्यक्षांनी मला जास्तीचा वेळ दिला, त्यांचेही आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. बाकीचं मात्र पोटात घालू नका, ते पोचूभाऊंसोबत गावात जाऊ द्या.

बुधरीबाई, तुम्ही उठू नका. मीच खाली येतो. दावी तुमच्या हातात देणार नाही, तुमच्या हाताला मी एकदा जबरदस्ती केलेली आहे. पायाशी ठेवतो. उचलायची की नाही, ते तुम्ही ठरवा.